बिट्टीचा नंबर

१८ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी बिट्टी इथे रुळली. पहिले दोन दिवस घरातसुद्धा चपला घालूनच वावरत होती, जणू पुढची गाडी पकडायची आहे. आता तिचं आणि आमच्या सोनूचं असं जमलंय की एकीला हाक मारावी तर दोघी ओ देतात. चौथीत दोघींना एकाच वर्गात घातलंय. दप्तरं सारखी, डबे सारखे, गणवेशही एकाच ताग्यातले. आत्याने आपला तो बाब्या केलं, असं कुणी म्हणायला नको.

चष्म्याच्या दुकानात सध्या मान वर करायला फुरसत नाही. शाळा उघडल्या की आईबापांना मुलांचे डोळे आठवतात. संध्याकाळी दमून घरी येते, तर बिट्टीने भाजी निवडून ठेवलेली असते. मी सांगितलं नव्हतं हं! पोर गुणी आहे. वळण वहिनीचंच, तुझं त्यात काही श्रेय असेल असं वाटत नाही.

बाळाला पापा. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुझी,
छोटी


९ जुलै

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. इथे पुलाचे खांब पाण्याबाहेर आले. दिवसभर मी क्रेनच्या पिंजऱ्यात. खाली उतरलो की पायांना जमीन ओळखू येत नाही. वहिनी बाळाच्या मागे धावते. हा पूल झाला की पुढचा पूल, आणि दर वेळी शाळा नदीच्या पलीकडेच. तू होतीस म्हणून बिट्टीची सोय झाली.

ती तुला जड होऊ नये, एवढीच काळजी असते. अभ्यासाचं मी काय विचारायचं? तुझ्या हवाली केलीय. जावईबापूंना नमस्कार. त्यांचं पोट कुठवर आलं, ते कळव.

तुझाच,
दादा


२६ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सहामाहीचा निकाल लागला. सोनू तिसरी आली. बिट्टीचा नंबर मात्र खालून मोजावा लागेल. वाईट वाटून घेऊ नकोस. बाईंनी आता चटचट उत्तरं देणाऱ्या मुलांना पुढे बसवलंय, म्हणून सोनू पहिल्या बाकावर आणि बिट्टी शेवटच्या. बाई म्हणत होत्या की मुलगी फार कामसू आहे. खडू आणायला, फळा पुसायला नाव घ्यायच्या आत उठते. प्रश्न विचारला की मात्र मान खाली. आता तर त्या तिला विचारतच नाहीत. उगाच चारचौघांत कशाला लाजवायचं, म्हणाल्या. मला त्यांचं पटलं.

प्रत्येकाचा पिंड वेगळा असतो, दादा. घरात तिच्यावाचून माझं पान हलत नाही. जेवणं झाली की मी सोनूला वाचायला घेऊन बसते, मग हे तिला गणितं घालतात, तोवर बिट्टीने ओटा लख्ख केलेला असतो. हाताला असा गुण आहे की पुढे शिवणकामात नाव काढेल.

वहिनीला सांग, मी आहे.

तुझी,
छोटी


११ नोव्हेंबर

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

निकालाचं वहिनीला सांगितलं. मी म्हटलं, सगळीच पहिली आली तर शेवटचं कोण येणार? ती हसली नाही. तिला आठवत होतं की बिट्टी इथे सिमेंटच्या पोत्यांवरचा शब्द न् शब्द मोठ्याने वाचायची. मुकादमाने लावलेल्या पाटीतली चूक तिने त्याच्या तोंडावर सांगितली होती. तीच ही पोर का, असं वहिनी विचारते.

राग मानू नकोस, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तुम्ही सोनूला घेऊन बसता तेव्हा बिट्टी ओट्यापाशी असते. मग बिट्टीला घेऊन कोण बसतं?

कदाचित मागून तिला फळाच दिसत नसेल. तुझं कामच ते, एकदा डोळे बघ तिचे.

काळजीत असलेला,
दादा


२३ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

खोटं कशाला बोलू, तुझं पत्र वाचून आधी मी चिडले. खाऊ-पिऊ घालून वर हे ऐकायचं, असंही मनात आलं. रविवारी दुकान बंद असताना बिट्टीला तिथे नेलं. उंच खुर्चीवर बसवलं, एक डोळा झाकला. आणि मनातल्या मनात म्हणत राहिले, नंबर निघू दे. थोडासा तरी निघू दे.

तिने शेवटची ओळ धडाधड वाचली. तक्त्याच्या कोपऱ्यात छापखान्याचं नाव असतं, मुंगीएवढं, तेही वाचलं. तरी मी भिंगं बदलत राहिले. पोरीच्या धडधाकट डोळ्यांत खोट शोधत होते. शेवटी तीच मला समजावल्यासारखी म्हणाली, आत्या, मला सगळं दिसतं गं.

मग वर्गात मान खाली का घालतेस, असं विचारलं. तर म्हणाली, सोनूचं घरी वाचून झालेलं असतं, माझं झालेलं नसतं. मला सांगायचंस ना, म्हटलं. त्यावर म्हणाली, तू दमलेली असतेस. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर मला सोसलं असतं.

दप्तर सारखं दिलं म्हणून मी निर्धास्त होते. आमच्या टेबलाशी तीन खुर्च्या आहेत. चौथी माळ्यावर पडून होती, ती खाली काढायचं इतक्या महिन्यांत मला सुचलं नाही. पोरीला ढ म्हणाले नाही कधी, पण मानलं. माझा ओटा स्वच्छ होत होता, म्हणून मानायला सोपं गेलं.

खुर्ची काढली आहे. माफी मागायला मात्र तोंड नाही.

छोटी


५ डिसेंबर

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं. तुला वाटतं दोष तुझ्या एकटीचा आहे. नाही गं. गाडी सुटायच्या आधी मी बिट्टीला खिडकीतून बजावलं होतं, की दुसऱ्याच्या घरी राहायचं तर कुणी सांगायची वाट बघायची नाही, हात रिकामा ठेवायचा नाही, आत्याला जड व्हायचं नाही. तिने बापाचं ऐकलं. घरातही ऐकलं, शाळेतही. मला वाटलं, मी संस्कार करतोय.

सोनूला असं कुणी सांगितलं नाही, कारण घर तिचंच. शाळेची घंटा वाजायच्या आधीच दोघी वेगळ्या निघाल्या होत्या, छोटे, आणि तिथे मी उभा होतो.

तिला परत आणावं असं दोन रात्री वाटत होतं. पण आणून करू काय? पुन्हा पोती वाचायला देऊ? तुझ्याकडेच राहू दे. सोबत तिच्यासाठी चिठ्ठी आहे. त्यात एवढंच लिहिलंय, की बाबाचं ते सांगणं चुकीचं होतं, ते आता ऐकायचं नाही.

रागावून बोलणं थांबवू नकोस. आपण दोघांनी मिळून बिघडवलं, आता निस्तरूही दोघांनी.

तुझाच,
दादा


१९ जानेवारी

ती. आईबाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुझी चिठ्ठी मिळाली. आत्या आता मला एकटीला भांडी घासू देत नाही. एक दिवस सोनू, एक दिवस मी, एक दिवस आतोबा. आतोबा साबण फार लावतात. मी परत धुवायला उठले की आत्या बस म्हणते आणि तिचे डोळे भरतात. म्हणून मी बसते.

टेबलाशी बसायला मला आधी आवडायचं नाही. मी आणि सोनू एकाच पुस्तकातून वाचतो. ती खूप भरभर वाचते. तिचं झालं की ती मान हलवते आणि मी पान उलटते. माझं अर्धंच झालेलं असायचं. आत्याला वाटायचं दोघींचं झालं. ती खूश व्हायची, म्हणून मी काही बोलले नाही.

शाळेत मी अजून शेवटच्याच बाकावर आहे. आत्या बाईंना भेटली. बाई म्हणाल्या, वार्षिक परीक्षा झाली की बघू.

काल सोनूने मान हलवली तेव्हा मी पानावर हात ठेवला. म्हटलं, थांब, माझं व्हायचंय. ती म्हणाली, किती वेळ लागेल? मी म्हटलं, माहीत नाही. आत्या बघत होती. सोनू पाय हलवत बसली, पण थांबली. मी खालच्या ओळीपर्यंत वाचलं. मग पान उलटलं.

बाळाला पापा.

तुमची,
बिट्टी