बिरूचा डोस

११ जानेवारी
आज गड्ड्याच्या जत्रेला जायचं होतं. राहिलं. दुपारपासून टीव्हीसमोर. धाकटा भाऊ बिरू ज्या अणुवीज प्लँटवर दुरुस्तीच्या कामाला गेलाय, तिथंच अपघात. "परिस्थिती नियंत्रणात" हे एकच वाक्य फिरवून फिरवून. बिरूचा फोन बंद. वळसंगला आईला लावला तर म्हणते, "मेंढरामागं हाय, मागनं बोल." तिला पत्ताच नाही. मी फोन ठेवला.

१२ जाने.
मुकादम सापडला एकदाचा. ऊसतोडीला टोळ्या नेणारा हाच, आता प्लँटवरही नेतो. "ताई, आपली समदी पोरं सुखरूप हायत, ट्रकनं निघाली की." धडधाकट माणसांना ट्रकात घालून का आणताय, विचारलं. रेंज गेली म्हणे.
समोरची शेजारीण किरणांवर उतारा म्हणून आयोडीनचं मीठ पाण्यात कालवून पोरांना पाजत होती. ओरडले तिच्यावर. खरं तर नर्सिंगला किरणोत्सर्गाचा एक धडा होता, तो मी ऑप्शनला टाकलेला.

१४ जाने. संक्रांत
रजा टाकून वळसंगला. बिरू पहाटे आलाय. अंगणात थंडी मरणाची आणि ह्याचं तोंड उन्हात भाजल्यासारखं लाल. अपघाताच्या दिवशी आणि नंतर ट्रकातही उलट्या. तिळगूळ पुढं केला तर मान फिरवली.
आईनं विचारलं, काय झालं रं? म्हणाला, "डोस मिळाला आई. लई डोस मिळाला."
आई चक्क निवांत झाली. तिला ठाऊक असलेले डोस दोनच, पोरांचा पोलिओचा आणि मेंढरांचा जंताचा. "डोस पाजला की मेंढरू दोन दीस मान टाकतंयच. मग लागतंय चरायला." तो किरणांचा डोस, औषधाचा नव्हे, हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. भित्री आहे मी.

१५ जाने.
मेंढरांच्या वाड्याच्या कुडाशी बसून बिरूनं सगळं सांगितलं. प्लँटची लाइट गेली. प्लँट बंद केला तरी आतली उष्णता राहते, पाणी फिरत ठेवावं लागतं. त्यासाठी मोठी डिझेल इंजिनं. ती दर महिन्याला नुसती चालू करून बंद करायची, लोड कधी द्यायचा नाही, डिझेल वाचतं आणि चाचणी झाली असं लिहिता येतं. त्या दिवशी खरा लोड आला आणि इंजिनं बसली. पाणी थांबलं. मग हातानं व्हॉल्व्ह फिरवायला माणसं आत पाठवली. बिरू त्यांतला.
"बिल्ला होता ना छातीवर?" किती डोस मिळाला ते त्या बिल्ल्यावर कळतं, एवढं मला माहीत होतं.
"बाहीर खिळ्याला हुता."
मला वाटलं, गडबडीत विसरला. तर म्हणतो, विसरला नाही. बिल्ल्यावर ठरलेला डोस भरला की माणसाला घरी पाठवतात, काम संपलं. म्हणून आत शिरायच्या आधी टोळीतले सगळेच बिल्ला खिळ्याला लावतात. चप्पल बाहेर काढावी तसं. "सवय लागल्याली, अक्का. ध्यानातच न्हाई आलं."
मुस्काटात द्यावी वाटली. मग रडले.

१९ जाने.
बिरू दोन भाकरी जेवला. आईचं तोंड हसून हे एवढं. "बघ, लागला न्हवं चरायला?" गाव मात्र फटकून आहे. हौदावर आपल्या मेंढ्यांना पाणी पिऊ देत नाहीत, "बाधा हुईल."
वळसंगहूनच सोलापूरला ड्यूटीला जाते, तिथं आमच्या डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, मधले काही दिवस असंच बरं वाटतं, त्यावर जाऊ नका. रक्त तपासा.
तपासलं. पांढऱ्या पेशी उतरायला लागल्यात. आईचं मेंढरू आणि माझा रिपोर्ट, दोन्ही माझ्याच घरात. कुणाशी बोलू?

२३ जाने.
सोलापुरात अपघातातल्या मजुरांसाठी कंपनीच्या साहेबांचा कॅम्प. मी एकटीच गेले. मुंबईच्या खास दवाखान्यात नेतात, पण बिल्ल्यावर डोस असेल तरच. बिरूच्या नावापुढं निरंक. रक्ताचा रिपोर्ट दाखवला, तर म्हणे तापानंही होतं असं.
घरी येऊन बिरूला म्हटलं, खिळ्याचं सांग. नाही म्हणाला. "मी बोललो की टोळीतल्या समद्यांचं निघंल. परत कोन बोलवंल आमाला?" परत! त्याला परत जायचंय अजून. भांडले. जेवले नाही.

३० जाने.
आई त्याच्या डोक्याला तेल लावत होती. केस हातात आले. मूठभर, मग आणखी मूठभर. आई हाताकडं बघत राहिली. "कातरायच्या आधीच लोकर सुटली की गं," एवढंच म्हणाली. हिरड्यांतून रक्त येतंय. मला फार भीती वाटते. आई आता डोसाचं काही बोलत नाही.

३ फेब्रुवारी
आज तिघं कॅम्पला. बिरू टोपी घालून, भिंतीला धरून धरून. साहेब आईला म्हणाले, "आजी, यांच्या बिल्ल्यावर डोस निरंक आहे."
"म्हंजी?"
मी म्हटलं, "ह्याला डोस मिळालाच नाही, असं लिहिलंय." ती कसं ऐकणार हे माहीत होतं मला. तरी म्हटलं. मुद्दाम.
आई उठली. "कसा न्हाई मिळाला? माझं लेकरू खोटं बोलत न्हाई. लई मिळाला म्हनून आल्या आल्या सांगितलंय त्यानं. दुसऱ्यांचा लिवताय आन् माज्याचाच कुटं गेला? लिवा, मिळाला म्हनून. लिवल्याबिगर मी न्हाय उठायची." आणि फतकल मारून खालीच बसली.
मागं कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. पेन ठेवून बिरूला विचारलं, "बिल्ला कुठं होता तुमचा?"
बिरू खाली बसलेल्या आईकडं बघत होता. मग टोपी काढली.
"खिळ्याला," म्हणाला. "समद्यांचेच."
साहेबांनी लिहून घेतलं. मुंबईचं वर विचारून कळवतो म्हणाले. कधी, ते नाही सांगितलं.
रिक्षात बिरू माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. आई किती दिवसांनी खूश. "लिवलं न्हवं? आता ऱ्हायल्याला डोस देतील त्याला."
मी हो म्हटलं.