गळक्या कॅमेऱ्यासाठी विश्वासू माणूस

गोंदिया, ३ सप्टेंबर १९४१
आज सौ.ला शब्द दिला. दवनीवाड्याला तिचे वडील टिकारामजी अंथरुणावर आहेत, त्यांचा फोटो मी स्वतः काढणार. तिच्या आईचा फोटो कधी निघालाच नाही. आता चेहराही आठवत नाही म्हणते. बाबांचा तरी घरात राहू द्या, म्हणाली. म्हटले, दिवाळीच्या आत भिंतीवर टांगतो.
अडचण किरकोळ. कॅमेरा जुना, लिलावातला. त्याच्या चामडी भात्याला घडीघडीवर भोके पडली आहेत. मागच्या सभेच्या फोटोत अध्यक्षांचे डोके उजेडात विरघळले. फिल्मला उजेडाचा कण लागला की सत्यानाश, हे सौ.ला सविस्तर समजावले. लढाईमुळे रोल मिळत नाही, जवळ एकच आहे. तेव्हा आधी दुरुस्ती, आणि तीही विश्वासू हातांनीच.

५ सप्टेंबर
सौ. म्हणते, ठेसनाजवळचा फोटोवाला गावाले येऊन फोटो काढून देते, तुमी कायले हट्ट करून राहिले? साफ नकार दिला. त्याच्याकडे विलायती महालाचा रंगवलेला पडदा आहे. बिडीवाल्याला महालात उभा करणारा माणूस सत्याचे काय चित्र काढणार?

९ सप्टेंबर
रामलाल घडीसाजकडे, म्हणजे घड्याळे दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. कॅमेरा ठेवून जा म्हणाला. लेन्स जर्मन आहे. बदलली म्हणजे? समोर स्टुलावर बसून राहिलो. वेळ सत्कारणी लागावा म्हणून कारागिराच्या नीतीवर बोललो. ग्रीकांपासून सुरुवात केली. गर्दी छान जमली. काम मात्र झाले नाही. रामलाल म्हणाला, तुमी बोलून राहिले त माया हात कसा चालंल जी? एक स्क्रूही हरवला म्हणाला. तो त्याच्याच सदऱ्याच्या खिशात निघाला! कॅमेरा उचलून घरी.

२१ सप्टेंबर
नागपूर. मोठे दुकान, काचेची कपाटे. मालकाला पहिलाच प्रश्न केला, स्वदेशीबद्दल आपले मत काय? तो म्हणाला, पावती फाडू का? अशा माणसाच्या हाती मी कॅमेरा देईन?
सौ.ने विचारले, सुधरला का? म्हटले, कॅमेरा नाही, पण माणूस ओळखून आलो. ती चुलीकडे वळली. दवनीवाड्याहून निरोप होता, बाबा आता पेजच घेतात.

४ ऑक्टोबर
सौ. स्वतःच कॅमेरा पिशवीत घालून मुन्नालालकडे गेली. मुन्नालाल पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करतो! मी मागोमाग धावलो. तो म्हणाला, भाता तो भाता है, पंडितजी, हवा रोके या उजाला. विचार अगदीच टाकाऊ नाही. विश्वास या विषयावर त्याला चार शब्द सांगू लागलो, तर मी तोंड उघडले की हा पेटीची काळी पाचची पट्टी दाबून धरी. स्वर लागतो का बघतो, म्हणे. शेवटी गप्प बसलो. आतून काळे कापड, वरून पातळ चामडे, बारीक शिवण. संध्याकाळी कॅमेरा हातात.
माणूस सापडला. मी शोधलाच होता.

१२ ऑक्टोबर, दवनीवाडा
आजचा दिवस माझा. टिकारामजींना उशीला टेकवून बसवले. सौ.ने फेटा बांधून दिला. म्हणाले, जवाईबापू, श्वास रोखू का सोडू? म्हटले, रोखा. सगळा रोल त्यांच्यावरच संपवला. प्रत्येक वेळी बिचाऱ्यांनी श्वास रोखला. नंतर बराच वेळ खोकत होते. सौ. दाराशी उभी राहून हसत होती. कितीतरी दिवसांनी.
परतताना आठवडी बाजार लागला. लोक, ऊन, चौथरा! राहवले नाही. प्रामाणिक कारागिरीवर तासभर बोललो. जिथे अंधार तिथे लबाडी, म्हणालो, आणि कॅमेऱ्याचे झाकण उघडून भाता आतून सर्वांना दाखवला. फिल्मचा पट्टा मधे येत होता, तो सोडवून उपरण्यासारखा खांद्यावर टाकला. एकही भोक नाही! टाळ्या. मग पट्टा नीट गुंडाळून ठेवला.

१४ ऑक्टोबर
रोल नाइलाजाने ठेसनाजवळच्या फोटोवाल्याकडून धुऊन घेतला. पहिल्यापासून शेवटपर्यंत कोळसा. म्हणाला, ऐसा काला तो हमने देखाही नहीं.
दगा! सरळ मुन्नालालच्या दुकानात. त्याने मला घोंगडीखाली घालून भात्यात टॉर्च लावला. काळोख. एक ठिपका नाही. बाहेर आलो तर म्हणतो, बाजार में साला भी था हमारा. बोला, पंडितजी फिल्म कंधे पे डालके क्या बोले, वाह!
फिल्मच जुनी असावी.

१५ ऑक्टोबर
सौ.ला सांगितले. मला वाटले रागावेल. एवढेच विचारले, दुसरा रोल? नागपूर, रायपूर दोन्हीकडे तारा केल्या.

१८ ऑक्टोबर
टिकारामजी पहाटे गेले.

२५ ऑक्टोबर
दिवाळीला दिवे लावले नाहीत. नागपूरहून उत्तर आले, रोल नाही.
संध्याकाळी सौ. शेजारी येऊन बसली. म्हणाली, तुमी त्या दिशी काचेतून बाबाले इतका वेळ पाहून राहिले होते. कसे दिसत होते, सांगा न जी. भाषणावानी सांगा, मी आयकते.
घसा साफ केला. फेटा पांढरा होता, म्हणालो. ती म्हणाली, तो मीच बांधला होता. चेहरा आठवेना. कारण काचेत मी एकदाही नीट पाहिले नव्हते. सारा वेळ भात्यात कुठून उजेड शिरतो का, तेच बघत होतो.
शिवण मात्र चांगली होती.