वेशीच्या आतला उपरा

प्रिय मानांग सिमेओना,

तुझा हात इथूनच कपाळाला लावतो. (हा मान खरं तर आईबापांचा, पण आई गेल्यापासून ओरडायचं काम तू सांभाळतेस, म्हणून तुला.) तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या नवऱ्याचा, मानोय रुफोचा खोकला? पोरं, कोंबड्या, ते लंगडं बदक? इकडे सगळे खुशाल. म्हणजे आपले म्हातारे वडील, ताताय, खुशाल आहेत, त्यांची बहीण तिया निएवेस गरजेपेक्षा जास्त खुशाल आहे, आणि मी कसा आहे ते खाली येईलच.

आधी कबूल करून टाकतो की पत्र लिहायला फार उशीर केला. पोचल्या दिवशीच लिहिणार होतो, पण पेन नव्हतं. पेन मिळालं तेव्हा राग इतका होता की अक्षर लागेना. राग उतरला तेव्हा शेजारचा एक माणूस रानात मध काढायला निघाला होता, त्याच्याबरोबर गेलो. (मध मिळाला नाही, पण कान कसे सुजतात ते कळलं. ते पुन्हा कधी.) आज लिहितोय, कारण आज शुक्रवारची दुपार आहे, उद्याच्या शब्बाथासाठी, यांच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, सगळं घर घासून काढणं चाललंय, आणि या घरात थोरल्या बहिणीला पत्र लिहिणाऱ्याच्या हातात झाडू देत नाहीत. फोन करायचा तर टेकडीवर चढावं लागतं, आणि वर चढून तुझ्या शिव्याच ऐकायच्या असतील तर त्या खाली बसून वाचलेल्या बऱ्या.

तू मला इथे कशाला धाडलंस ते मी विसरलेलो नाही. सान रोकेची जत्रा येत्या बुधवारी. अख्ख्या किनाऱ्यावर तातायसारखं लेचोन, बांबूवरचं अख्खं डुक्कर, कोणी भाजत नाही, तू जत्रेच्या पंचांना शब्द देऊन बसलीस की आमचे ताताय येणार, आणि मला म्हणालीस, “सांतोय, जा आणि म्हाताऱ्याला त्या पालेखाऊ आत्याच्या तावडीतून सोडवून आण.” मी निघालो तो सोडवायलाच. पण मानांग, मला सांग, माणसाला कोणी बांधलेलंच नसेल तर सोडवायचं कसं? दोर तरी दिसायला हवा की नाही!

या घरातला छळ ऐक. पहाटे कोंबड्याच्या आधी तिया उठते आणि भजन म्हणते, तेही सुरात. (बेसूर म्हणाली असती तर निदान तक्रार करता आली असती.) मग सगळ्यांनी कोमट पाणी प्यायचं. कॉफी मागितली तर भाजलेल्या मक्याचं काळं पाणी समोर येतं आणि वर विचारतात, “काय, आहे ना कॉफीसारखी?” आहे! चिखल तरी कुठे कॉफीसारखा दिसत नाही? भात लाल, त्याच्यावर शेवग्याचा पाला. दुपारी मूग, त्याच्यात शेवग्याचा पाला. मी एकदा रागाने म्हणालो, “तिया, आज बदल म्हणून काहीतरी वेगळं?” तर तिने शेवग्याच्या शेंगा केल्या. आणि जेवण झाल्यावर डोळे मिटून देवाचे आभार, मला शेजारी बसवून, माझं पूर्ण नाव घेऊन: “हे प्रभू, आमच्या क्रिसांतोचं पोट हलकं आणि पाय जड कर.” म्हणजे मी एका जागी राहावं म्हणून. देवाकडे माझी अशी चुगली, तीही माझ्याच तोंडावर!

पण हे सगळं मी सोसलं असतं. सोसवत नाही तो त्यांचा शब्बाथ. शुक्रवारी सूर्य बुडाला की शनिवारी बुडेपर्यंत कुणी कामाला हात लावायचा नाही. तुला वाटेल, सांतोयला आणखी काय हवं? मलाही तसंच वाटलं होतं! मानांग, तुझा भाऊ मासेमारीच्या बोटीवर टिकला नाही, मोटरसायकलवरून माणसं वाहताना टिकला नाही, बर्फाच्या कारखान्यात तर एका सकाळीत गारठून बाहेर आला. काही न करण्यात माझा हात धरणारा आपल्या गावात कोणी आहे का? पण मी काही करत नाही ते स्वतःच्या मर्जीने. सगळं घर, सगळं चर्च, सगळी गल्ली मिळून ‘आता काही करू नकोस’ म्हणून बसली की माझ्या हातांना मुंग्या येतात. पहिल्याच शनिवारी मला लाकडं फोडायची इतकी इच्छा झाली की मी कुऱ्हाड घेऊन परसात गेलो. (जन्मात पहिल्यांदा, आणि तू बघायला नव्हतीस.) तिया दारात उभी. म्हणाली, “ठेव ती.”

मी म्हणालो, “तिया, मी तुमच्या चर्चचा नाही. मला तुमचा नियम लागू नाही.”

“नियम वाचलास? त्या दिवशी कुणी काम करायचं नाही: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझे चाकर, तुझी गुरंढोरं, आणि तुझ्या वेशीच्या आतला उपरा. माझं फाटक ही माझी वेस. तू फाटकाच्या कुठल्या बाजूला उभा आहेस?”

अशी ही बाई! हजारो वर्षांपूर्वी देवाने डोंगरावर दगडावर आज्ञा लिहून दिल्या, त्यातही माझ्यासाठी एक जागा राखून ठेवली होती! कुऱ्हाड ठेवली. दिवसभर बाकावर बसून मुंग्यांची रांग बघितली. (मुंग्या शनिवारी काम करतात. हे मी तियाला सांगितलं. ती म्हणाली, मुंग्या रविवारीही करतात, तू कधी करतोस?)

आता मुख्य गोष्ट. तू माझ्या पिशवीत डुकराच्या तळलेल्या कातडीची ती पुडी दिली होतीस ना, की तातायच्या नाकाला वास लागला की पाय आपोआप घराकडे वळतील? पहिल्याच शुक्रवारी संध्याकाळी सगळे गुडघ्यांवर, डोळे मिटलेले, आणि घरातला कापितान नावाचा कुत्रा माझ्या खोलीतून पुडी तोंडात धरून आला तो थेट प्रार्थनेच्या मधोमध. कुरूम, कुरूम. ‘आमेन’ होईपर्यंत कोणी डोळे उघडले नाहीत, पण सगळ्यांची नाकं उघडी होती. मी तातायकडे बघितलं. वाटलं, आता उठतील. ते हसले, बस. म्हणाले, “फार खारट केलंय. रुफोने तळलेलं दिसतंय.” झालं! तुझा डाव कुत्र्याने खाल्ला.

मग मला वाटलं, वासाने नाही तर हाताने होईल. तातायचे हात मोकळे राहिले की ते हवेतच काठी फिरवत बसतात, हे तुला माहीत आहे. मी म्हणालो, “ताताय, इथे कुणाला लेचोन म्हणजे काय तेच ठाऊक नाही.” बाण बरोबर लागला. पण भलतीकडे. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने तियाकडून गव्हाच्या पिठाचा हंडाभर गोळा मागून घेतला. हे लोक तो गोळा पाण्यात धुऊन धुऊन त्याचा रबरासारखा चोथा उरवतात आणि त्याला मांस म्हणतात. तातायनी त्या चोथ्यात कोवळा फणस कालवला, पोटात लसूण, कांद्याची पात आणि गवती चहाची जुडी भरली, बांबूवर बांधला आणि गेल्या शुक्रवारी दुपारी निखारे पेटवले. शनिवारी चर्चमध्ये सगळे मिळून जेवतात, त्यासाठी. चर्चचे पाळक बघायला आले. त्याचे डुकराचे कान बघून त्यांचा चेहरा उतरला, कारण यांच्यात डुक्कर वर्ज्य. त्यांनी विचारलं, “भाऊ, हे जनावर कोणतं?” ताताय न अडखळता म्हणाले, “गाय. पाय पोटाशी घेऊन झोपलेली.” (कान तियाने कापून टाकले. म्हणाली, गायीला इतकेही कान नसतात.)

ताताय मन लावून भाजत होते. नारळाचं पाणी लावायचं, फिरवायचं, निखारा सारायचा, पुन्हा फिरवायचं. कपाळावर तोच घाम, दम लागला तरी तीच दातांत धरलेली काडी. आणि इथेच किनाऱ्यावरच्या माणसाची चूक झाली. आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, निवांत, सगळ्यांना सांगून. तातायनी त्याच हिशेबाने आच मंद ठेवली. इथे पश्चिमेला डोंगर उभा. तो सूर्याला मधूनच गिळतो. लेचोन आतून कच्चं, बाहेरून नुकतं लालसर, आणि तिया अंगणात येऊन म्हणते, “शब्बाथ आला.”

मानांग, मी खवळलो. म्हणालो, हा अन्याय आहे! सूर्य बुडालेला नाही, डोंगरामागे गेलाय, आत्ता आपल्या गावात लख्ख ऊन असेल! तिया म्हणाली, “मग तिकडे जाऊन भाज.” मी म्हणालो, म्हाताऱ्याची अब्रू आहे, त्यांनी जन्मात बांबू अर्ध्यावर सोडलेला नाही, आई गेली त्या दिवशीसुद्धा कोणाच्या तरी लग्नाचं डुक्कर पुरं करून मगच घरी आले होते. हे मी बोलायला नको होतं. मी स्वतःच बांबू धरायला पुढे झालो.

तातायनी माझा हात बाजूला केला. मग बांबू थांबवला. निखारे पसरून त्यांवर पाणी ओतलं, बाकावर जाऊन बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. ते हात तू कधी मांडीवर बघितलेस का? मी नाही. मोठे पाव ठेवल्यासारखे दिसत होते. ते तियाला म्हणाले, “निएवेस, आजवर मला ‘थांब’ कोणी म्हटलंच नाही. सगळे ‘आणखी एक’ म्हणाले.”

तिया म्हणाली, “माणसं म्हणणार नाहीत, हे देवाला ठाऊक होतं. म्हणून तर लिहून ठेवलंय.”

आणि म्हातारा त्या रात्री पाठीला उशी न टेकवता, न धापा टाकता, आडवा होऊन झोपला. मला याचाही राग आला. तो कशाचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. डॉक्टरांनी गावात याच माणसाला सांगितलं होतं ना, की आगीपुढे उभे राहिलात तर एक दिवस आगीपुढेच पडाल? तेव्हा आपण दोघांनी काय म्हटलं होतं ते आठव. “एवढी जत्रा होऊ दे.”

दुसऱ्या दिवशी चर्चमधल्या लोकांनी त्या अर्ध्याकच्च्या गायीची बाहेरची साल खरवडून खरवडून संपवली आणि विचारलं, “भाऊ, पुढच्या शुक्रवारी करणार का? सकाळी सुरू करा म्हणजे झालं.” आज पहाटेच सुरू केली. दुपारीच झाली. चर्चचा चढ ताताय आता न थांबता चढतात. माझं मत अजून तेच आहे, की हा सगळा अन्याय आहे.

तुझा संतापलेला भाऊ,
सांतोय

ता.क. खरं काम राहिलंच. ताताय बुधवारी येत नाहीत. पंचांना तू सांग, मला धीर नाही. ताताय म्हणतात, रुफोने इतकी वर्षं बांबू फिरवलाय, त्यालाच करू दे, फक्त मीठ कमी. आणि तातायचा नारळाचं पाणी लावायचा जुना कुंचला पाठव, इथल्या कुंचल्याचे केस गळतात.

ता.क. माझी गिटारही पाठव. मी इथे राहतोय असा अर्थ काढू नकोस. फक्त तियाचं भजन इतकं सुरात आहे की त्याला काहीतरी साथ हवी.

ता.क. मानांग, हे काय केलंस! पाकीट चिकटवणार तोच फाटकाशी ट्रक थांबला. तुझा नवरा! मागे जिवंत डुक्कर! म्हणतो, सिमेओना म्हणाली की म्हाताऱ्याने जनावर डोळ्यांनी बघितलं की हात शिवशिवतील, सूर्य बुडायच्या आत गाडीत घाल आणि आण. त्यानेही किनाऱ्याचाच सूर्य धरला होता. ट्रक आत घेऊन तो वळवतो न वळवतो तोच डोंगराने सूर्य गिळला आणि तियाने फाटक लावलं. म्हणाली, “उपरा आला, गुरंढोरंही आली. आता उद्या संध्याकाळपर्यंत कुणी हलायचं नाही.” मानोय रुफोने कॉफी मागितली. मक्याचं पाणी प्यायला, खोकला, आणि बूट न काढताच बाकावर झोपला. (हे लिहिणं काम नव्हे, असं तिया म्हणते. तिने वाचलेलं नाही अजून.) डुक्कर शेवग्याचा पाला मिटक्या मारत खातंय. ताताय त्याच्याशेजारी पाटावर बसलेत, हात मांडीवर. मी जवळ गेलो तर त्याला सांगत होते, “झोप बाबा. उद्यापर्यंत तुला कुणी हात लावणार नाही. मलाही नाही.”