इथे भोक होतं

बुधवार, ९ तारीख

प्रिय मावशी,

नमस्कार. तू विचारायच्या आधीच सांगते, आम्ही सगळे मजेत आहोत. बाबा ट्रक घेऊन गेलेत, पंधरा दिवसांनी येतील. आईचं दुकानातलं रफूचं काम जोरात चालू आहे. मीही बरी आहे. म्हणजे तशी बरी.

शुक्रवारी शाळेत पालकांना बोलावलंय. बाईंनी सांगितलंय, प्रत्येकानं स्वतः केलेली, अभिमान वाटेल अशी एक वस्तू आणायची किंवा कला दाखवायची आणि तिच्याबद्दल चार शब्द बोलायचे. वर्गात आम्ही त्रेचाळीस जण आणि माझा नंबर बाविसावा. वर एकवीस, खाली एकवीस. उंचीच्या रांगेतसुद्धा मी मधेच. मला कोणी हुशार म्हणून ओळखत नाही आणि ढ म्हणूनही नाही. ढ मुलांना निदान बाई नावानं हाक तरी मारतात.

आठवडाभर शोधतेय. शिट्टी शिकायला गेले, तर नुसती थुंकी उडाली. मग घोड्याचं चित्र काढलं. आईला दाखवलं तर म्हणाली, "छान आहे गं गाय." शुक्रवार आठवला की ताटातलं तसंच राहतं.

परवा तू फोनवर आईला डोळ्यांचं विचारलंस ना? ती म्हणाली, ठणठणीत. मी शेजारीच होते.

मावशी, घोडा तसा बरा जमला होता.

आता सांगूनच टाकते, पण तुझ्यापाशीच ठेव. उन्हाळ्यापासून आईला सुईत दोरा ओवता येत नाही. शाळा सुटली की मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाते. आधी नुसता दोरा ओवून द्यायचे. मग तिनं एकदा निळ्या कोटाला काळा दोरा लावला, तेव्हापासून रंगही मीच जुळवते. गेल्या महिन्यात एका चौकडीच्या कोटाचं कोपरावरचं भोक तिनं भरलं आणि चौकडीची रेघ दोन धागे सरकली. ती हात धुवायला गेली तेवढ्यात मी ते उसवलं. कोटाच्या आतल्या दुमडीतून धागे काढले आणि पुन्हा भरायला बसले. ती परत आली आणि शेजारी बसून राहिली. तीन तास लागले. दुकानवाल्या काकांनी कोट खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "ताई, तुमच्या हाताला तोड नाही." आईनं माझ्याकडे पाहिलं. मी बटणं लावून ठेवत होते. बारीक काम आता सगळं माझ्याकडेच असतं.

म्हणजे सांगण्यासारखं आहे माझ्याकडे. पण सांगितलं तर आईचं काम जाईल. काकांची मुलगी आमच्याच वर्गात आहे, म्हणजे काकूही येणार. आई म्हणते, झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं आहे, पण मूठ झाकून झाकून माझा हात अवघडलाय गं.

शनिवार

पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं.

काल मी बाबांचा जुना रुमाल नेला. त्याचं एक भोक मी भरलंय. तसं सांगणार मात्र नव्हते, नुसता टेबलावर ठेवायचा होता. माझ्या आधीच्या मुलानं लाकडाचं विमान आणलं होतं, त्याची चाकंसुद्धा फिरत होती. बाईंनी माझा रुमाल उलटापालटा करून पाहिला. "यात तू काय केलंस?" काकू पहिल्याच बाकावर बसल्या होत्या. मी म्हणाले, "काही नाही बाई. नाक पुसायला आणलाय."

सगळे हसले. मीही हसले.

तेवढ्यात आई मागून उठली. एकेका बाकाला हात लावत पुढे आली. तिनं रुमाल घेतला, बोटांनी चाचपला आणि एका जागी थांबली. म्हणाली, "इथे भोक होतं, बाई. हिनं भरलंय. दुकानातलं बारीक कामही हीच करते. मला सुई दिसत नाही आता."

काकूंनी रुमाल मागून घेतला, उजेडात धरला. भोक त्यांनाही सापडलं नाही.

सोमवारी काकांनी आईला बोलावलंय. काय होईल कोण जाणे. मला फार भीती वाटतेय, मावशी. आणि बाईंनी माझं नाव घेऊन टाळ्या वाजवायला सांगितल्या तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की त्याचीच आता लाज वाटते. घरी येताना मी आईला विचारलं, कशाला सांगितलंस? ती म्हणाली, "नाक पुसायला म्हणालीस ना, ते मला ऐकवलं नाही."

आत्ता तिनं हे पत्र मागितलं. डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं, मग परत दिलं. मी वाचून दाखवलं, सगळं, गायीसकट. गायीपाशी ती हसली. मग म्हणाली, "खाली लिही, मी ठणठणीत नाही. तिला म्हणावं, ये."

लिहिलं.

तुझी,
बाविसावी