पालथी ताटली

९ जानेवारी २०२१, शनिवार

पोचले एकदाची. आणि चक्क खूश आहे! फ्रीसलंडमधल्या या मोठ्या तळ्यात एक बेट, बेटावर एक लाकडी खोली, खोलीत शेगडी, खाट, दुर्बीण आणि मी. मार्चपर्यंत पक्षी मोजायचे आणि वर त्याचा पगार घ्यायचा. पुण्यात एम.एस्सी. करून आले आणि आइंडहोवनात सात वर्षं 'सारंगची बायको' या हुद्द्यावर काढली. ही नोकरी बिनपगारी असती तरी मी धावले असते.

सारंगनं गाडीनं धक्क्यापर्यंत सोडलं. ईशानी मागच्या सीटवर रुसून बसली होती. सहा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये. सासूबाई तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या, विमानं बंद झाली आणि गेल्या मार्चपासून आमच्याकडेच अडकल्यात. त्या आहेत म्हणून मला निघता आलं. खरं सांगायचं तर फार थकले होते. शाळा बंद, सारंग दिवसभर लॅपटॉपसमोर, आणि सगळ्यांचं सगळं माझ्याकडे. आमच्या हाउसआर्ट्स, म्हणजे फॅमिली डॉक्टर बाईंनी नेहमीप्रमाणे पॅरासिटामॉल सांगितली आणि रोज थोडं लिहीत जा म्हणाल्या. म्हणून ही वही.

फेम्के नावाची बाई दर शुक्रवारी होडीनं सामान आणून देणार. पन्नाशीची, मोजकं बोलणारी. तिनं एकच नियम दोनदा बजावला, की बेटावर बाहेर अन्न ठेवायचं नाही, पक्ष्यांसाठीसुद्धा नाही. इथं निसर्गरक्षणाचे नियम कडक असतात, म्हणून मी मान डोलावली.

१७ जानेवारी, रविवार

छान चाललंय. सकाळी खिडकीतूनच मोजणी करते, कारण माणूस बाहेर दिसला रे दिसला की अख्खा थवा उडतो आणि पहिल्यापासून मोजावं लागतं. हंस आहेत, कलहंस आहेत, शीळ घालणारी बदकं आहेत. पाणकावळे खांबांवर पंख वाळत घालून बसतात, पण ते मासे सोडून कशाला तोंड लावत नाहीत. साधा कावळा मात्र एकही नाही. पलीकडच्या काठावर ढिगानं आहेत, इकडे फिरकत नाहीत, असं फेम्के म्हणाली.

बाबांना व्हिडिओ कॉल करून हंस दाखवले. पुण्याच्या थंडीत ती तपकिरी माकडटोपी घालून बसले होते. हंसांचं त्यांना काही नाही, ईशानी कुठंय एवढंच. तान्ही असताना एकदा मांडीवर घेतली होती, तेवढीच. गेल्या मे महिन्याची तिकिटं रद्द झाली. ती त्यांना डचांसारखं 'ओपा' म्हणते. एकदा तरी तिच्या तोंडून आजोबा ऐकव गं, म्हणाले.

२६ जानेवारी, मंगळवार

बाबा गेले. काल. अजितचा फोन आला. माझा सख्खा भाऊ, तिथंच पुण्यात, पण त्यालाही शेवटी हॉस्पिटलच्या कोरोना वॉर्डात जाऊ दिलं नाही. मी तिकिटं शोधत बसले. मिळालं असतं ते पुढच्या आठवड्याचं, तोवर काय उरणार होतं?

सारंग घरी ये म्हणाला. नको म्हटलं. तिथं रडायलासुद्धा जागा नाही.

३ फेब्रुवारी, बुधवार

आज दहावा. घाटावर पिंडाला कावळा शिवेना. झाडावर बसले होते, पण खाली एकही उतरला नाही. आईचं बघीन म्हणून अजितनं कबूल केलं, आणखी काय काय कबूल केलं, तरी नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. हे सांगताना अजित रडत होता.

सासूबाईंनी फोन केला. म्हणाल्या, जीव नातीत अडकलाय त्यांचा, तू तिथं घास ठेव आणि तोंडानं कबूल कर. मी शिकलेली बाई, एरवी हसले असते. आज मुकाट्यानं भात लावला. तूप नव्हतं, लोणी घातलं. स्टीलच्या ताटलीत मूद घेऊन बोरूच्या बनाशी गेले, पाण्याच्या अगदी कडेला ठेवली आणि मोठ्यानं म्हणाले, "ईशानीला इथं घेऊन येईन. तुमच्यासमोर उभी करीन."

कावळा कुठून येणार होता? चहा टाकायला आत आले. परत बघते तर बनाशी ताटली नाही. ती माझ्या दाराशी होती. भात संपवून, घासून, पालथी घातलेली.

खूप रडले. पोचलं म्हणायचं. एकच चुटपुट लागलीय, नाव आणि गोत्र घ्यायचं राहिलं. नुसतंच 'तुमच्यासमोर' म्हणाले.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

फेम्केला गमतीनं विचारलं, माझी ताटली तू घासलीस का? तिचा चेहरा उतरला. दोन मीटरचं अंतर विसरून जवळ आली.

तिच्या आजीच्या काळात या बेटावर एक बोरू कापणारा एकटा राहायचा. त्याची लहान मुलगी पलीकडे गावात, आईकडे. एका हिवाळ्यात तिला आणायला म्हणून तो बर्फावरून चालत निघाला आणि सापडला नाही. इथं बाहेर ठेवलेलं अन्न तो आपलं समजतो, गावात सगळ्यांना माहीत आहे. मग तिनं विचारलं, "तू त्याला काय सांगितलंस?"

प्रार्थना केली, एवढंच म्हटलं. आत्ताच्या आत्ता सामान भर आणि चल, म्हणाली. मी नाही गेले. भीती वाटली नाही असं नाही, पण परत त्या घरात, त्या आवाजांत जायचं जिवावर आलं. अंगात तेवढं त्राणच नव्हतं.

९ फेब्रुवारी, मंगळवार

तळं गोठलं. होडी बंद. बर्फावर चालू नकोस, मध्ये पातळ असतो, असा फेम्केचा निरोप आला.

मोजणी करताना दुर्बिणीत माणूस दिसला. लांब, हंसांच्या घोळक्यात, पाठमोरा. स्केटिंगला आलेला कुणी असेल म्हटलं. पण हंस उडाले नाहीत. एकानंही मान वर केली नाही. त्याच्या पायाला लागून एक हंस झोपला होता.

मी दार उघडलं तर सगळे उडाले. तो तिथंच.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

बर्फ वितळला. सगळीकडे पाणी.

तो तिथंच उभा आहे. त्याच जागी, पाण्यावर. थोडा जवळ, वाटतं.

माझ्याकडे बघत नाही. एकदाही नाही. तो दक्षिणेकडे बघतो, जिकडून होडी येते तिकडे. माझ्याशी त्याला काही देणंघेणं नाही. मला ते आज कळलं.

फेम्केला कोरोना झाला. दुसरी होडी लगेच मिळत नाही, पक्षीमोजणीचे ऑफिसवाले म्हणतात थांबा. तांदूळ आणि डबे तोवर पुरतील.

२२ फेब्रुवारी, सोमवार

अचानक उबदार झालंय. बोरूच्या बनातला तो लपून बसणारा बगळा घुमायला लागलाय, रिकाम्या बाटलीत फुंकल्यासारखा. एरवी किती आनंद झाला असता.

पुन्हा भात केला. या वेळी नाव घेतलं, गोत्र घेतलं. मग त्यालाही सांगितलं, तुम्ही माझे कुणी नाही, शब्द परत घेते, चूक झाली, माफ करा. हात जोडले. दिवसभर बसले.

शिवला नाही. एक शीतसुद्धा नाही. भात तिथंच वाळला.

२८ फेब्रुवारी, रविवार

सारंगला सगळं सांगितलं. ईशानीला इकडे आणायचं नाही, शपथ घातली. तो बरं म्हणाला. फार हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलतात तसं.

सासूबाई बाबांच्या फोटोला रोज हार घालतात. ईशानीला शिकवतात, हे बघ, आजोबा. म्हण आजोबा. ती म्हणत नाही.

झोप नाही. हात जड. मोजणी सोडली.

४ मार्च

सोमवारी होडी येणार, पक्कं झालं. ऑफिसचा फोन. सोमवारी मी सुटले. मी गेले की तिला इथं आणायचं कारणच उरत नाही. फक्त सोमवारपर्यंत—

तो बेटाच्या धक्क्यावर आलाय. डोक्यावर काहीतरी घातलंय.

६ मार्च

माकडटोपी. तपकिरी.

बाबा नाहीत ते. बाबा असते तर माझ्याकडे एकदा तरी—

पडदा लावून बसलेय. उद्याचा एक दिवस.

७ मार्च, रविवार

सारंगचा मेसेज. महिला दिनाचं सरप्राइज, म्हणे. एक दिवस आधीच न्यायला येतोय, भाड्याची होडी घेतलीय, तू फार एकटी पडलीस. आणि एक फोटो. नारिंगी लाइफजॅकेट, पुढचा एक दात पडलेला.

फोन उचलत नाही. पुन्हा लावला. पुन्हा.

विजेवरची होडी, आवाज नाही. दिसली. बनाच्या टोकाला वळली. मी ओरडले, हात केले, परत फिरा परत फिरा. सारंगनं हसून हात हलवला. धक्क्याकडे धावले तर तो मध्ये उभा. पाय पुढे पडेनात. आत आलेय, पुन्हा फोन लावतेय, रिंग जातेय, लिहितेय कारण हात थांबला तर—

खिडकीतून दिसतंय. पाण्यावर सगळी बदकं, हलत नाहीत.

ईशानी पुढे उभी राहिली. हात करतेय. मला नाही. खिडकीकडे बघतसुद्धा नाही.

त्यानं दोन्ही हात पुढे केले.

ती हसतेय. हाक मारतेय. मराठीत, देवा, मराठीत—

आजो