डाव्या चाकाचा ब्रेक

पवनी,
१२ ऑक्टोबर १९७९

चि. भोजराज,

अनेक आशीर्वाद. तुमसरचं तुझं नवं गॅरेज आता मार्गी लागलं असेल. बोर्ड लाल रंगात लिहिलास म्हणे. बरं केलंस, लाल दुरून दिसतो. तुझ्या बहिणीचं, पुष्पाचं गुडघ्याचं दुखणं जुनंच, त्यात नवीन काही नाही. लवकर येणारा हलका धान कापणीला आला, त्यामुळे गॅरेजात ट्रॅक्टरांची रांग आहे. तुझ्या जागी मी अजून कुणाला घेतलं नाही. अकरा वर्षं एका हाताची सवय झाली, दुसरा हात लगेच जमत नाही.

एक बातमी द्यायची आहे. आसगावच्या कृष्णरावांची एकोणपन्नास सालची काळी मोटार तुला आठवत असेलच. तू जायच्या आदल्या आठवड्यात आपण तिचे पुढचे ब्रेक केले. मी मिलच्या ट्रकच्या कामात अडकलो होतो, म्हणून दोन्ही चाकांच्या ब्रेक-शूवर लायनरच्या नव्या पट्ट्या तूच बसवल्यास.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कृष्णराव आणि मनकर्णाबाई, दोघं नवराबायको, तिच्यातून निघाले. समोर म्हैस आली. त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि डाव्या चाकाने एकदम पकडलं. गाडी डावीकडे ओढली गेली. मोहाचं झाड आडवं आलं म्हणून थांबली. कृष्णरावांची फक्त टोपी उडाली, पण बाईंचं मनगट मोडलं.

कृष्णरावांचा निरोप आला तसा मी हत्यारं घेऊन त्यांच्या घरी गेलो. अंगणात ओढून आणलेल्या गाडीखाली निजून ब्रेकची नळी पाहत होतो. वर पडवीत कृष्णराव आणि शेजारचे दादाजी सुपारी कातरत बसले होते.

दादाजी म्हणाले, "येवढा नामी मिस्त्री, अन् असा काहून चुकला?"

कृष्णरावांनी आवाज खाली केला. "त्याचे कान गेले म्हंते. गाडीत काय वाजते ते त्याले आता आयकूच येत नाही. त्याचा साळाच सांगून गेला मले. म्हणे मालक, पुढच्या खेपेले गाडी तुमसरले आणा."

मधे सगळं अंगण होतं, भोजराज. तरी त्यांच्या अडकित्त्याचा आवाजसुद्धा मला वेगळा ऐकू येत होता.

मग कृष्णराव खाली आले आणि माझ्या कानाशी वाकून ओरडले, "सेवकराम, काय झालं गाडीले?" मी म्हणालो, "मालक, हळू बोला. गाडी म्हातारी हाय, बयरी नाही." दादाजी हसले. मीही हसलो, आणि हसता हसता चाकं काढायला घेतली.

उजव्या ब्रेकचा ड्रम आधी काढला. काय सुंदर काम होतं. ड्रमला आतून खडू लावून, त्यावर शू घासून, लायनरवर जिथे जिथे खडू उमटला तिथे कानस मारलेली. लायनरची दोन्ही टोकं उतरती घासलेली, म्हणजे ब्रेक लागताना टोक रुतणार नाही. मी तुला पहिल्या वर्षी शिकवलं तसंच, उलट माझ्यापेक्षा साफ.

मग डावा काढला. खडूचा कण नाही. टोकं जशीच्या तशी, पाटीच्या काठासारखी उभी. असं टोक फिरत्या ड्रममध्ये रुततं आणि चाक जागीच धरतं, हे तुला मी सांगायला नको.

घाईत राहिलं असेल, असं मी स्वतःला बराच वेळ सांगितलं. नवशिका दोन्ही चाकं विसरतो. एकाच दुपारी, एकाच कानशीने उजवं असं करणारा माणूस डावं विसरत नाही.

आता माझंही ऐक. गाडी देण्याआधी मी नाक्यापर्यंत चालवून पाहिली होती. ब्रेक लावताना डावीकडून कुरकुर ऐकू आली, स्टिअरिंगही हातात जरा वळलं. परत येऊन तुला विचारलं. तू म्हणालास, "नवे लायनर हायेत भाऊजी, शंभर मैल गेले का बसतीन." मी पुन्हा चाक उघडायला हवं होतं. तुझ्या शब्दावर गाडी दिली. बाईंच्या मोडलेल्या हातात माझाही तेवढा वाटा आहे, आणि तो मी तुझ्यावर ढकलत नाही.

गिऱ्हाईक हवं होतं तर मागायचं होतंस. मीच कृष्णरावांना म्हटलं असतं, मालक, आता भोजराजकडे जात जा. माझा कान खराब आहे हे लोकांना पटवायला तू एक चाक खराब केलंस. मी चालवीन, मला ऐकू येणार नाही, असा तुझा हिशेब होता का? की ऐकू येईल, पण मी तुझ्यावर विश्वास ठेवीन, असा होता?

एक गोष्ट अजून लिहिली नाही. मोहाचं ते झाड तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या रस्त्याकडेला आहे. डावीकडे पाणी काठोकाठ होतं. कृष्णरावांच्या घरून निघायला दुसरा रस्ता नाही. तू आसगावचाच. त्याच पाळीवरून उड्या मारून तू पोहायला शिकलास. मनकर्णाबाईंना पोहता येत नाही.

कृष्णरावांनी विचारलं, "डावं चाक कोणी केलं?" मी म्हणालो, "माझ्या गॅरेजचं काम, म्हणजे माझंच." डावं चाक तिथेच खडू लावून नीट केलं. ते काम माझं म्हणून निभावलं. पण हे मी एकदाच बोललो, पुन्हा तुला झाकणार नाही.

पुष्पाला यातलं काही ठाऊक नाही. भाऊबीज जवळ आली, भावाला लिहा म्हणून ती मागे लागली आहे. ये. पण आधी आसगावला उतर, मनकर्णाबाईंसमोर उभा राहा, आणि डावं चाक कोणी केलं ते तुझ्या तोंडाने सांग. मग बहिणीच्या पाटावर बस. तिथे न जाता सरळ घरी आलास तरी ती तुला ओवाळील. मी अडवणार नाही. फक्त ताट हातात घेण्याआधी तिला हे सगळं मी सांगितलेलं असेल.

तुझ्या बहिणीचा नवरा,
सेवकराम