वहीत नसलेली सोयरीक

गुरुवार, संध्याकाळ

दादा रामकुंडावरच्या गुरुजींकडून आमची वंशावळ वहीत उतरवून आला. माझ्या नेहाने स्वतः निवडलेल्या मुलाला त्याचा नकार. "अरे, त्यांचं घराणं कुठल्याच वहीत नाही. आपलं रक्त शुद्ध आहे!"

मी म्हटलं, "दादा, आपल्यात निअँडरथलचंही थोडं रक्त आहे. नामशेष झाली बिचारी ती माणसं. त्यांच्याशी सोयरीक केली तेव्हा कुठली वही उघडली होती?"

वहिनी फिस्सकन हसली. दादा वही बगलेत मारून उठला. मी खूश. मूर्ख मी!

नेहा हसली नाही. "बाबा, विनोद छान होता. पण तुम्ही या लग्नाला हो कुठे म्हणालात?"

खरंच, नव्हतो म्हणालो. दादा अजून दारात चपला घालत होता. नुसती हाक मारायची होती. तीही मारली नाही.